गिझरची कॉइल बदलण्याआधी: व्होल्ट आणि अँपिअरवरून रोध नि वॅट कसे काढायचे

मागच्या जानेवारीत आमच्या गिझरला पाणी तापवायला फार वेळ लागायला लागला. दुरुस्तीला आलेल्या माणसाने गिझरचा प्लग काढला, सॉकेटमध्ये मल्टिमीटरच्या पिना घातल्या, २२१ आकडा दाखवला आणि म्हणाला, "सप्लाय ओके आहे दादा, कॉइल गेलीय." कॉइल, गास्केट, मजुरी धरून त्याने जी रक्कम सांगितली ती ऐकून आई म्हणाली, "राहू दे, चुलीवर तापवू."

मी बी.कॉम. माणूस. विजेतलं शिक्षण म्हणाल तर दहावीच्या विज्ञानातला ओहमचा नियम, बस्स. पण कुणी रक्कम सांगितली की तिचा हिशेब मागायची सवय आहे. कॉइल खरंच गेली आहे का, हे घरच्या घरी तपासता येतं असं कळलं तेव्हा वही घेऊन बसलो. सूत्रं दहा मिनिटांत आली. रीडिंग घ्यायला मात्र तीन रविवार गेले. पुस्तकातल्या गणितात व्होल्ट आणि अँपिअर दिलेले असतात, घरात ते आपणच मोजायचे असतात, आणि चुकीच्या वेळी मोजले तर भागाकार कितीही बरोबर करा, उत्तर खोटं येतं. ते तीन रविवार तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

## काय काय जवळ हवं

- मल्टिमीटर. त्यावर 'कॅट थ्री, ६०० व्होल्ट' (घरच्या लाइनवर सुरक्षित असल्याची खूण) असं छापलेलं हवं. रस्त्यावरचा दीडदोनशे रुपयांचा मीटर बॅटरीपुरता ठीक, घरच्या लाइनवर लावू नका.
- क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती जबडा अडकवून करंट मोजणारा मीटर, आपले वायरमन ज्याला टाँग टेस्टर म्हणतात तो. नसेल तर एका दिवसापुरता मागून आणा.
- हातभर लांबीची खास एक्स्टेंशन वायर: १६ अँपिअरचा प्लग, १६ अँपिअरचं सॉकेट आणि मधल्या तिन्ही वायरी वेगवेगळ्या सुट्या. ही वायरमनकडूनच करून घ्या. का लागते ते पायरी ५ मध्ये.
- उपकरणाच्या पाटीचा फोटो आणि विजेच्या मीटरच्या तोंडाचा फोटो.
- ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि १०० ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर (पट्टे तपकिरी, काळा, तपकिरी). इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात रेझिस्टर सुट्ट्या पैशांत मिळतो.
- वही, पेन्सिल, कोरडी चप्पल, लाकडी स्टूल आणि सोबत एक माणूस.

सोबतचा माणूस थट्टा म्हणून लिहिलेला नाही. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरतात. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर, अर्थात २३० मिलिअँपिअर. घरातला आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा सुरक्षेचा स्विच) ३० मिलिअँपिअरलाच लाइन तोडतो, यावरून २३० म्हणजे काय ते समजा. आरसीसीबी बसवलेला नसेल तर चालू लाइनवरचं पुढचं कोणतंही रीडिंग स्वतः घेऊ नका. वायरमनला घ्यायला लावा आणि तुम्ही आकडे लिहा.

## पायरी १: चार ओळी वहीच्या पहिल्या पानावर

ओहम = व्होल्ट ÷ अँपिअर
वॅट = व्होल्ट × अँपिअर
वॅट = व्होल्ट × व्होल्ट ÷ ओहम
वॅट = अँपिअर × अँपिअर × ओहम

खालच्या दोन ओळी वरच्या दोनांतूनच निघतात, पाठ करायची गरज नाही. पण कोणती कुठे वापरायची हे कळायला हवं. एखाद्या वस्तूच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट आहेत हे ठाऊक असेल तर तिसरी. तिच्यातून किती करंट जातोय हे ठाऊक असेल तर चौथी. 'व्होल्ट' म्हणजे त्याच वस्तूच्या दोन टोकांतले व्होल्ट, लाइनचे नव्हेत. या एका चुकीने मी एकदा भिंतीतल्या एवढ्याशा जोडात अडतीस हजार वॅट काढून दाखवले होते. तो किस्सा पुढे येईल.

मिलिअँपिअर दिसले की आधी हजाराने भागून अँपिअर करून घ्या, मगच सूत्रात घाला. ८१ मिलिअँपिअर म्हणजे ०.०८१.

## पायरी २: आधी बॅटरीवर हात बसवा

घरच्या लाइनकडे जायच्या आधी हा प्रयोग कराच. पाच मिनिटांचा आहे आणि पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

नुसत्या बॅटरीच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावा. डीसी व्होल्टची खूण म्हणजे इंग्रजी व्ही अक्षर आणि शेजारी सरळ रेघ. माझ्या बॅटरीने ९.३ दाखवले. आता १०० ओहमचा रेझिस्टर बॅटरीला जोडा आणि जोडलेला असतानाच पुन्हा मोजा. माझ्याकडे ८.१ आले. मग मीटर मिलिअँपिअरवर घेऊन रेझिस्टरच्या वाटेत घाला, म्हणजे करंट मीटरमधूनच पुढे गेला पाहिजे. ८१ मिलिअँपिअर.

आता भागाकार. ८.१ ÷ ०.०८१ = १००. रेझिस्टरच्या पट्ट्यांवर जे लिहिलंय तेच. पण बॅटरीचे आधीचे ९.३ धरले असते तर ९.३ ÷ ०.०८१ म्हणजे जवळजवळ ११५ ओहम आले असते. रेझिस्टर तोच, करंट तोच, फक्त व्होल्ट बिनलोडचे, म्हणजे करंट ओढणारं काहीच जोडलेलं नसतानाचे. वरचे १५ ओहम बॅटरीच्या पोटातल्या रोधाचे आहेत, ते रेझिस्टरच्या नावावर पडले.

हे रेझिस्टर दहा सेकंदांहून जास्त जोडून ठेवू नका. ८.१ × ०.०८१ म्हणजे ०.६६ वॅट, आणि बिचारा पाव वॅटचा आहे. मी बोटांत धरून बसलो होतो. तर्जनीला तपकिरी ठिपका चार दिवस होता. वॅट म्हणजे काय हे मला दहावीत कळलं नाही ते तेव्हा कळलं.

खुद्द गेऑर्ग ओहमलाही बॅटरीने असाच त्रास दिला होता. हा जर्मनीत कोलोनच्या शाळेत शिकवणारा मास्तर. त्या काळच्या बॅटऱ्या जोडल्या की व्होल्ट उतरत जायचे, त्यामुळे आकडे जुळेनात. मग पोगेनडॉर्फ नावाच्या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने सुचवल्यावरून त्याने १८२६ मध्ये तांबं आणि बिस्मथ यांचा जोड वापरला, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात. तपमानातला फरक कायम, म्हणून व्होल्टही कायम. तेव्हा कुठे नियम हाती लागला आणि १८२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. आपल्या घरची लाइनही लोड टाकला की थोडी उतरते, आणि आपल्याकडे उकळतं पाणी आणि बर्फ नाही. म्हणून आपण दोन्ही आकडे एकाच वेळी घ्यायचे.

## पायरी ३: पाटी वाचा

आमच्या गिझरच्या पाटीवर २३० व्होल्ट, २००० वॅट, १५ लिटर असं आहे. त्यावरून:

करंट = २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर
रोध = २३० ÷ ८.७ = साधारण २६.४ ओहम

पाटीवरचे वॅट हे पाटीवरच्याच व्होल्टला असतात. तुमच्या बाथरूममध्ये २३० येतात असं त्या पाटीने कुठे म्हटलेलं नाही.

जाता जाता सॉकेटचाही हिशेब करून घ्या. ६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० × ६ = १३८० वॅटच्या पुढे जायचं नाही. हजार वॅटची इस्त्री चालेल. पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो, तो १६ अँपिअरच्या सॉकेटलाच. टू-पिनचा जुगाड करून छोट्या सॉकेटमध्ये खुपसलेला रॉड मी निदान चार घरांत पाहिलाय.

## पायरी ४: उपकरण बंद करून रोध मोजा

प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. मल्टिमीटर ओहमवर घ्या (घोड्याच्या नालासारखी खूण), सगळ्यात लहान रेंज. दोन पिना एकमेकींना टेकवून आकडा बघा. माझ्याकडे ०.२ येतो, तो पिनांच्या वायरींचा. नंतरच्या आकड्यातून तो वजा करायचा.

आता प्लगच्या फेज आणि न्यूट्रलच्या दांड्यांना पिना लावा. माझं रीडिंग २६.६, वजा ०.२, म्हणजे २६.४ ओहम. पाटीच्या हिशेबाशी तंतोतंत. कॉइल ठणठणीत होती, आणि ती बदलायचे पैसे मी द्यायला निघालो होतो.

इथे तीन ठिकाणी माणूस फसतो.

पहिलं, पाणी गरम असताना मोजलं तर थर्मोस्टॅटने लाइन तोडलेली असते. मीटर 'ओएल' (रोध मोजता येण्यापलीकडे, वाट तुटलेली) दाखवतो आणि आपण म्हणतो कॉइल तुटली. टाकी गार असतानाच मोजा.

दुसरं, स्विच असलेलं उपकरण असेल तर स्विच चालू स्थितीत ठेवून मोजा. हसू नका, मी इस्त्रीचं रेग्युलेटर शून्यावर ठेवून अर्धा तास डोकं खाजवलं होतं.

तिसरं जास्त मजेशीर आहे. जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब घरात असेल तर त्याचा रोध मोजून बघा. हिशेबाने २३० × २३० ÷ १०० म्हणजे ५२९ ओहम यायला हवेत. मीटर दाखवेल चाळीसच्या आसपास! बल्ब खराब नाही, मीटरही नाही. टंगस्टनची तार गार असताना तिचा रोध फार कमी असतो आणि अडीच हजार अंशांपर्यंत तापली की कितीतरी पट वाढतो. जुने बल्ब नेमके बटण दाबताक्षणीच का उडायचे, तेही यात आलं, कारण पहिला झटका कैक पट करंटचा. गिझर, रॉड, शेगडी यांच्या कॉइलची तार नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची. गार आणि गरम यांत फरक थोडाच पडतो, म्हणून तिथे बंद स्थितीतलं मोजमाप चालतं. पिवळ्या बल्बला चालत नाही.

## पायरी ५: चालू असताना दोन्ही आकडे एकाच वेळी

कॉइल बरी आहे, मग पाणी का तापत नाही? त्या माणसाने २२१ व्होल्ट दाखवले तेव्हा गिझरचा प्लग त्याच्याच हातात होता. म्हणजे वायरीतून करंट जातच नव्हता. करंट नसेल तर वायर कितीही कुजलेली असो, जोड कितीही ढिला असो, त्यात व्होल्ट पडत नाहीत. बिनलोडचं रीडिंग सगळ्यांना चांगलं म्हणतं.

आम्ही असं केलं. गिझरच्या बोर्डावरच शेजारी ६ अँपिअरचं सॉकेट आहे, त्याच वायरीवरून लूप केलेलं. मल्टिमीटर एसी व्होल्टवर (व्ही आणि शेजारी नागमोडी रेघ) घेऊन पिना त्यात घातल्या. गिझर त्या खास एक्स्टेंशनवरून चालू केला आणि तिच्यातल्या एकट्या फेजच्या वायरीभोवती क्लॅम्प मीटर अडकवला. पुतण्या खाली मेन बोर्डाजवळच्या सॉकेटवर दुसरा मल्टिमीटर घेऊन उभा. मोबाइल स्पीकरवर. "काका, दोनशे अठरा." "माझ्याकडे दोनशे सहा. परत सांग?" "अठराच आहे काका!"

वहीतली नोंद: खाली २१८ व्होल्ट, वर २०६ व्होल्ट, करंट ७.८ अँपिअर.

रोध = २०६ ÷ ७.८ = २६.४ ओहम. बंद स्थितीतला आकडा जुळला.
शक्ती = २०६ × ७.८ = १६०७ वॅट. पाटीवर २०००.

आणि बारा व्होल्ट वाटेत कुठेतरी गायब.

क्लॅम्प मीटर अख्ख्या तीन वायरींच्या केबलभोवती अडकवला तर तो शून्य दाखवतो. फेजमधून जितका करंट जातो तितकाच न्यूट्रलमधून परत येतो, दोघांचं चुंबकत्व एकमेकांना खाऊन टाकतं. सुट्या वायरींची एक्स्टेंशन त्यासाठीच. करंट अगदी कमी असेल, समजा चार्जरचा, तर ती एकटी वायर जबड्यातून पाच वेळा गुंडाळा आणि आलेल्या आकड्याला पाचाने भागा.

आता ही सूचना नीट वाचा. मल्टिमीटरची लाल पिन दहा अँपिअरच्या भोकात असताना तो चुकूनही सॉकेटमध्ये घालू नका. अँपिअर मोजताना मीटरचा स्वतःचा रोध जवळजवळ शून्य असतो, म्हणजे तुम्ही फेज आणि न्यूट्रल थेट जोडताय. चांगल्या मीटरचा फ्यूज उडेल. स्वस्तातला हातात फुटेल. बॅटरीचा प्रयोग संपला की लाल पिन लगेच व्होल्टच्या भोकात परत घालायची, ही सवय लावून घ्या. घरच्या लाइनचा करंट मल्टिमीटरने मोजायचाच नाही, क्लॅम्पनेच.

## पायरी ६: गायब झालेले बारा व्होल्ट शोधा

मेन बोर्डापासून गिझरपर्यंत आमची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आहे, अंतर १२ मीटर. करंट जाऊन परत येतो, म्हणून वायर धरायची २४ मीटर. (ही दुप्पट सगळे विसरतात.) दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम, अडीचच्या वायरीचा सुमारे साडेसात. तेव्हा:

वायरीचा रोध = २४ × १२ ÷ १००० = ०.२९ ओहम
वायरीत पडणारे व्होल्ट = ७.८ × ०.२९ = २.३

बारातले सव्वादोन वायरीचे. उरलेले ९.७ व्होल्ट वायरीत नाहीत, म्हणजे कुठल्यातरी जोडात आहेत.

जोडाचा रोध = ९.७ ÷ ७.८ = १.२५ ओहम

सव्वा ओहम ऐकायला काहीच नाही. पण त्याचे वॅट काढा. माझी ती ऐतिहासिक चूक इथलीच: तिसरं सूत्र घेतलं, लाइनचे २१८ घातले, २१८ × २१८ ÷ १.२५ केलं आणि अडतीस हजार वॅट काढले. पुतण्या म्हणाला, "काका, मग घर शिल्लक कसं?" जोडाच्या दोन टोकांत २१८ व्होल्ट नाहीतच, ९.७ आहेत. अशा ठिकाणी चौथं सूत्र घ्या, त्यात व्होल्टच नसल्यामुळे ही गफलत होत नाही:

७.८ × ७.८ × १.२५ = ७६ वॅट

पाऊणशे वॅटच्या बल्बाएवढी उष्णता, बाथरूमबाहेरच्या बंद बोर्डात, लाकडी पट्टीच्या मागे. मेन स्विच पाडून वायरमनने बोर्ड उघडला तेव्हा जळक्या प्लास्टिकचा वास आला. आत येणारी फेजची वायर दुसऱ्या तुकड्याला नुसता पिळा मारून जोडलेली, वर काळी टेप. टेप पापडासारखी कडक झाली होती, हाताने मोडली. तांबं काळंनिळं पडलेलं.

गिझर, एसी, मोटार अशा जड लोडच्या वाटेत पिळ्याचा जोड नको. सलग वायर किंवा स्क्रूचा नीट आवळलेला कनेक्टर. वायरमनला हे सांगताना संकोच करू नका.

## पायरी ७: व्होल्ट उतरले तर वॅट किती उतरतात

जोड सापडायच्या आधीची माझी एक नोंद आहे. सकाळी सहाची वेळ. आमचं घर कऱ्हाडजवळच्या गावात, लाइनच्या अगदी शेवटच्या टोकाला. त्या वेळी निम्म्या गावाचे रॉड आणि गिझर चालू असतात. मेन बोर्डवर १९५ व्होल्ट, गिझरला १८४.

१८४ ÷ २६.४ = ६.९७ अँपिअर
१८४ × ६.९७ = १२८२ वॅट

व्होल्ट २३० वरून १८४, म्हणजे वीस टक्के कमी. वॅट मात्र छत्तीस टक्के कमी. व्होल्ट कमी झाले की करंटही तेवढाच कमी होतो, आणि वॅट हा दोघांचा गुणाकार. ०.८ गुणिले ०.८ म्हणजे ०.६४. म्हणूनच तिसऱ्या सूत्रात व्होल्टचा वर्ग आहे.

१५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० पर्यंत न्यायला साधारण १८ लाख ८४ हजार ज्यूल लागतात (१५ × ३० × ४१८६). एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. त्यामुळे २००० वॅटला पावणेसोळा मिनिटं, १२८० वॅटला साडेचोवीस. आईची तक्रार नेमकी हीच होती, "नऊ मिनिटं जास्त लागतात." तिने घड्याळ लावलं होतं, मी सूत्र.

कमी वॅट म्हणजे बिल कमी, असा कुणी युक्तिवाद केला तर मान्य करू नका. पाण्याला लागणारे ज्यूल तेवढेच, फक्त वेळ जास्त, आणि जितका वेळ जास्त तितकी टाकीतून उष्णता जास्त निसटते. बिलावरचं एक युनिट म्हणजे हजार वॅट एक तास. १२८० वॅट अर्धा तास चालला तर ०.६४ युनिट. तुमच्या दराने गुणा.

## पायरी ८: मीटरच्या लाल दिव्यावर ताळा करा

हिशेबनीसाला ताळा जुळल्याशिवाय झोप येत नाही. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रीज आणि वायफायसुद्धा, आणि फक्त गिझर चालू ठेवा. मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि शेजारी एक आकडा, बऱ्याच सिंगल फेज मीटरवर ३२००. दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट.

अशा मीटरवर १० लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा आणि ११,२५० ला त्या सेकंदांनी भागा. उत्तर थेट वॅटमध्ये. (एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, त्याला ३२०० ने भागून दहाने गुणलं की ११,२५०.) मीटरवर १६०० असेल तर २२,५०० धरा.

पहिली लुकलुक 'एक' मोजायची नाही, 'शून्य' मोजायची. त्या क्षणी घड्याळ सुरू, दहावर बंद. मी आधी 'एक'पासून मोजत होतो आणि वॅट दरवेळी अकरा टक्के जास्त येत होते.

दुपारच्या १६०७ वॅटच्या वेळी मीटरवर १० लुकलुकींना ६.६ सेकंद लागले, म्हणजे १७०० वॅट. जुळलं नाही असं वाटलं ना? मलाही वाटलं. पण मीटर सगळ्या घराचं मोजतो. गिझरचे १६०७, जोडाचे ७६, वायरीचे १७ किंवा १८. बेरीज १७००.

## हा हिशेब कुठे लावू नये

पंखा, फ्रीज, मिक्सर, पाण्याची मोटार. यांच्या गुंडाळीचा रोध मल्टिमीटरवर मोजून व्होल्टचा वर्ग भागिले रोध केलंत तर भलतेच वॅट येतील. एसी लाइनवर मोटारीचा करंट नुसत्या तारेच्या रोधाने ठरत नाही, चुंबकत्वानेही ठरतो. व्होल्ट गुणिले अँपिअर केलं तरी खरे वॅट येत नाहीत, त्याला पॉवर फॅक्टरने (व्होल्ट गुणिले अँपिअरमधला किती हिस्सा खऱ्या वॅटचा, तो आकडा) गुणावं लागतं. फॅक्टर ०.६ असेल तर २३० व्होल्ट आणि १ अँपिअरचे २३० नव्हे, १३८ वॅट. एलईडी बल्बचंही तसंच. मोटारीचे आणि एलईडीचे वॅट हवे असतील तर पायरी ८ मधला लाल दिवा वापरा, तो खरे वॅटच मोजतो.

आणि व्होल्ट उतरले की गिझरचा करंट कमी होतो, पण विहिरीवरच्या मोटारीचा वाढतो. तिला पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून ती जास्त करंट ओढते आणि तापते. शेतातल्या मोटारी कमी व्होल्टवर जळतात त्या अशा. गिझरचा अनुभव मोटारीला लावायला जाऊ नका.

## दुरुस्तीनंतर पुन्हा मोजा

काम झालं की पैसे देण्याआधी तीच रीडिंगं, त्याच लोडवर, पुन्हा घ्या. आमची: खाली २१८, वर २१५.६, करंट ८.१५. फरक २.४ व्होल्ट, म्हणजे निव्वळ वायरीचा. गिझरला १७५७ वॅट. बोर्डाच्या पट्टीला हात लावला तर गार.

सकाळी सहाला मेन बोर्डवर अजूनही १९५ च असतात. गिझरला आता १९३ मिळतात, वॅट १४०० च्या थोडे वर, आणि पाणी साडेचोवीसऐवजी सव्वाबावीस मिनिटांत तापतं. दोन मिनिटं जोडाची होती. उरलेली साडेसहा लाइनची आहेत, त्यांच्यासाठी आठवडाभराच्या सकाळच्या व्होल्टचा तक्ता लिहून तक्रारीच्या अर्जाला जोडलाय. आई तोवर पावणेसहालाच बटण दाबते.